पाठ केलेला आरंभ

बुद्धिबळे शिकू लागलेले कित्येक विद्यार्थी डावाच्या पहिल्या दहाबारा खेळ्या मुखोद्गत करतात, आणि प्रतिपक्षाने अनपेक्षित प्यादे हलविले की गांगरून जातात. पालकही 'किती आरंभ पाठ झाले?' एवढेच विचारतात. पाठांतराची ही प्रतिष्ठा आम्हांस अस्थानी वाटते. आणि आमच्या मतास १९१८ साली न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत झालेल्या डावाचा आधार आहे.

त्या डावात क्यूबाचा कापाब्लांका पांढरी मोहरी घेऊन अमेरिकेचा विजेता मार्शल याच्याशी खेळत होता. आरंभ रुय लोपेझचा होता. १५६१ साली बुद्धिबळावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या नावाने तो ओळखला जातो. आठव्या खेळीस मार्शलने वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे सारले आणि राजापुढील प्यादे बळी देऊ केले. प्रतिस्पर्ध्याने ही योजना आधीच सिद्ध करून आणली आहे, हे कापाब्लांकाने ताडले. तरीही त्याने ते प्यादे घेतले.

लगेच मार्शलचे घोडा, उंट व वजीर पांढऱ्या राजावर चालून आले. कापाब्लांकाचे वजिराकडील हत्ती, घोडा व उंट तर अद्याप मूळच्या घरांतच होते. पाठ केलेले उत्तर त्याच्यापाशी नव्हते. धोका कोणता आणि त्यावर उपाय कोणता, एवढेच तो प्रत्येक खेळीस शोधीत गेला. हल्ल्याचा जोर ओसरताच त्याने वजिराकडील प्यादी पुढे सारली व ३६ व्या खेळीस डाव जिंकला.

याचा अर्थ मार्शलचे श्रम व्यर्थ गेले, असा मात्र कोणी करू नये. काळ्याच्या खेळ्यांत पुढे सुधारणा झाल्या, आणि 'मार्शल हल्ला' या नावाने तो आरंभ थोर खेळाडू आजही आदराने खेळतात. मार्शलने तो पाठ केला नव्हता. विचाराने घडविला होता. तेव्हा तयारीस आमचा विरोध नाही. न समजता केलेल्या तयारीस आहे. पाठ केलेल्या खेळ्या केव्हातरी संपतातच, आणि खरा डाव तेथून पुढे सुरू होतो. अभ्यासाचीही गोष्ट याहून निराळी नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलास किती खेळ्या येतात हे न विचारता, 'ही खेळी का केलीस?' असे विचारावे. विद्यार्थ्यांनीही हाच प्रश्न, मोहऱ्यास हात लावण्यापूर्वी, स्वतःस विचारावा.