पाटणचा शिलालेख आणि विकीची निवड

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. तो मठ काळाच्या उदरात गेला. ‘लीलावती’ मात्र टिकली. कारण ती कोणा एकाच्या कुलपात नव्हती. ज्याला हवी त्याने ती उतरून घेतली, तिच्यावर टीका लिहिली. १५८७ मध्ये फैजीने तिचे फारसी भाषांतरही केले.

या परिसराची माहिती अनेकांनी मिळून लिहावी असे संकेतस्थळ उभारायचे ठरले, तर हा धडा विसरून चालणार नाही. पितळखोऱ्याची लेणी, कलामहर्षी केकी मूस यांची छायाचित्रे, अहिराणी म्हणी असे कितीतरी विषय आहेत. अशा कामासाठी ‘विकी’ हे साधन सोयीचे. मात्र निवड करताना दिसण्यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा आहे: चालविणारा उद्या निघून गेला, तर लिखाणाचे काय? शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘विकीस्पेसेस’ने २०१८ मध्ये आपली सेवा गुंडाळण्यास सुरुवात केली, तेव्हा अनेकांना आपले लिखाण घाईने हलवावे लागले.

मुक्त स्रोत प्रणालीत हा धोका पुष्कळ कमी होतो. तिची संहिता कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या ‘मीडियाविकी’वर चालतो, ती अशीच प्रणाली आहे. ती समर्थ खरी. पण तिला माहितीसाठा सांभाळणारा जाणकार लागतो. ‘डोकुविकी’ प्रत्येक पान साध्या मजकूर-धारिकेत ठेवते, जुन्या आवृत्त्याही जपते. धारिकांची नक्कल केली की सारे लिखाण हाती येते. मूठभर कार्यकर्त्यांच्या तालुकास्तरीय कामाला हीच अधिक योग्य ठरावी.

परवाना-शुल्क नाही म्हणून खर्च नाही, असे मात्र नव्हे. जागेचे भाडे भरावे लागते, सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळी कराव्या लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परवलीचे शब्द एकाच उत्साही तरुणाच्या हाती असू नयेत. दरमहा निघणारी एक प्रत चाळीसगावच्या ग्रंथालयात आणि दुसरी धुळ्या-जळगावच्या एखाद्या संस्थेत राहावी. मठ बांधण्याचा उत्साह पुष्कळांना असतो. प्रती काढून ठेवण्याची चिकाटी थोड्यांनाच असते. ‘लीलावती’ तिच्यामुळेच तगली.