गॅसची गळती लेसरला कशी दिसते?



गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलहून गॅसच्या दोन मोठ्या लाइनी निघतात. एक उत्तरेला पनवेलकडे जाते, दुसरी घाट चढून पार बेंगळुरूपर्यंत. ही दुसरी २०१३ साली सुरू झाली. परदेशातून जहाजाने येणारा थंडगार द्रवरूप गॅस अंजनवेलच्या धक्क्यावर उतरवून घेण्याचे कामही त्याच वर्षी सुरू झाले. लाइनी जमिनीत मीटरभर किंवा त्याहून खोल पुरलेल्या आहेत. वरून दिसतात ते फक्त खुणेचे खांब आणि फलक. बाकी सारे आपले नेहमीचेच: खाली भातखाचर, वर वरकस, पलीकडे कोणाची तरी कलमांची बाग.

लाइनीच्या पट्ट्यातल्या एका गावी शेतीशाळेत एका ताईंनी मला विचारले, "साहेब, परवा दोन माणसं हातात पिस्तुलासारखं काहीतरी धरून आमच्या शेताच्या बांधावरून गेली. जमिनीवर नेम धरत होती. पुन्हा मोजणी आली की काय?" मोजणी हा शब्द निघाला की कोकणात अर्ध्या वाडीची झोप उडते, म्हणून आधी सांगून टाकतो, ती मोजणी नव्हती. गॅसची गळती शोधण्याचे ते लेसर यंत्र होते. ते काय करते आणि काय करू शकत नाही, दोन्ही आपल्याला माहीत हवे, कारण लाइन आपल्या पायाखालून जाते.

तुम्ही म्हणाल, गॅस गळला तर वास येईलच, त्याला यंत्र कशाला? इथेच गोम आहे. चुलीच्या सिलिंडरला जो उग्र वास येतो तो गॅसचा नव्हे. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. लाइनीतून वाहणारा नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला ना रंग, ना वास. शहरात घरोघर गॅस द्यायचा असतो तिथे वास मिसळतात, पण लांब पल्ल्याच्या मोठ्या लाइनीत तो मिसळलेला असतोच असे नाही. म्हणजे शेतात गॅस बाहेर पडत असला तरी आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागेलच याची खात्री नाही.

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडच्या नगरम गावी २७ जून २०१४ रोजी पहाटे काय झाले ते आपल्या लोकांना सांगावेसे वाटते. तिथे गेलची लाइन गंजली होती आणि तिच्यातून गॅस गळून सखल जागी साठला होता. त्यात वास मिसळलेला नव्हता. पहाटे गावात विस्तव पेटला आणि साऱ्या परिसराने पेट घेतला. वीसहून अधिक माणसे गेली, घरे जळाली, माडांच्या बागा उभ्याच्या उभ्या करपल्या. तो मुलूख आपल्यासारखाच, माडांचा आणि भाताचा. आपल्याकडच्या लाइनी तशाच गंजल्या आहेत असे मी म्हणत नाही, उगाच कोणी घाबरू नये. पण वास आला नाही म्हणून गळती नाही, असे मात्र कोणी धरून चालू नये.

आता लेसरकडे वळू. बॅटरीचा उजेड अनेक रंगांचा आणि पसरणारा असतो. लेसरचा किरण एकाच नेमक्या रंगाचा आणि सुतासारखा सरळ असतो. निसर्गाची अशी व्यवस्था आहे की प्रत्येक वायू प्रकाशातले आपापले ठराविक रंग गिळतो. मिथेन जो रंग गिळतो तो लालच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. यंत्र नेमका तोच रंग जमिनीवर टाकते. किरण जमिनीवर, गवतावर, गडग्यावर आपटून थोडासा परत येतो. वाटेत मिथेन असेल तर परत येणारा उजेड तेवढा कमी भरतो. जमिनीवर जो लाल किंवा हिरवा ठिपका दिसतो तो केवळ नेम धरण्यासाठी असतो. पोरांनी मात्र त्या ठिपक्याकडे किंवा यंत्राच्या तोंडाकडे डोळे लावून बघू नये.

इथे एक चतुर माणूस विचारील, ओले पान, धूळ, काळा कातळ यांनीही उजेड कमी होईल, मग तो गॅसने कमी झाला हे कसे कळणार? प्रश्न बरोबर आहे. समजा, माकडे आहेत की नाहीत हे न बघता ओळखायचे आहे. तुम्ही त्या वाटेने दोन पाट्या पाठवता, एकीत आंबे आणि दुसरीत चिऱ्याचे तुकडे. दोन्ही पाट्या सारख्याच रित्या झाल्या तर वाट खाचखळग्यांची आहे. चिरे जसेच्या तसे आणि आंबे तेवढे कमी, तर माकडे नक्की आहेत! यंत्र हेच करते. मिथेन गिळतो तो रंग, आणि त्याला अगदी लागून असलेला पण मिथेन न गिळणारा रंग, असे दोन्ही ते सेकंदाला कितीतरी वेळा आलटून पालटून सोडते आणि परत आलेल्या उजेडाची तुलना करते. धूळ नि ओलावा दोन्ही रंगांना सारखाच अडवतात, मिथेन एकालाच अडवतो.

या युक्तीने यंत्र फार तीक्ष्ण झाले आहे. साध्या हवेतसुद्धा दहा लाख भागांत सुमारे दोन भाग मिथेन असतोच. पेट घेण्यासाठी हवेत तो शेकडा ५ ते १५ लागतो, म्हणजे दहा लाखांत निदान ५०,००० भाग. लेसरला त्याच्या कितीतरी आधी, अगदी थोडा गॅस असतानाच सुगावा लागतो. तोही साधारण तीस मीटरांवरून, काही यंत्रांना शंभर मीटरांवरूनही. वहाळाच्या अलीकडे उभे राहून पलीकडची दरड तपासता येते. आपल्या दृष्टीने मोठी सोय अशी की उभ्या भातात न शिरता बांधावरूनच काम होते. जर्मनी-अमेरिकेत हेच यंत्र मोठे करून हेलिकॉप्टरला बसवले आणि लाइनीवरून उडत तपासणी केली. आता ड्रोनलाही बसवतात. आपल्या देशातही शहरात गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांची माणसे हातातली लेसर यंत्रे वापरतात. उपग्रहालाही मिथेन दिसतो, पण तो सूर्यप्रकाशाच्या आधाराने, गळती फार मोठी असेल तर आणि आभाळ निरभ्र असेल तर. आषाढातल्या कोकणात त्याचा काय उपयोग व्हायचा ते तुम्हीच ठरवा.

लेसरच्याही मर्यादा आहेत. किरणाच्या वाटेत एकूण किती गॅस आला तेवढीच बेरीज यंत्र सांगते. दहा लाखांत १०० भाग गॅसचा एक मीटर रुंद ढग आणि १० भाग गॅसचा दहा मीटर रुंद ढग, दोन्हींचा आकडा सारखाच येतो. म्हणून जाणकार माणूस एकदा नेम धरून थांबत नाही, चहूबाजूंनी फिरून बघतो. मुसळधार पावसात नि दाट धुक्यात किरण नीट परत येत नाही. शिवाय आपला जांभा म्हणजे भेगा आणि पोकळ्यांचा दगड. खाली गळलेला गॅस सरळ वर येईलच असे नाही, तो भेगेभेगेने सरकून लाइनीपासून दूर कुठेतरी तोंड काढतो. पावसाळ्यात वरची माती पाण्याने गच्च झाली की असे व्हायचा संभव अधिक. तेव्हा तपासणारा माणूस तुमच्या बांधापाशी थांबून इकडे भेग आहे का, घळ आहे का असे विचारू लागला तर जरा वेळ काढून सांगा. कातळाच्या भेगा त्याच्या नकाशात नसतात.

मिथेन केवळ लाइनीतच असतो असेही नाही. भातखाचरात पाणी साचून राहिले की चिखलात मिथेन तयार होतो. शेणाच्या ढिगातून थोडा निघतो. गोबरगॅस म्हणजे तर निम्म्याहून अधिक मिथेनच. या जागी यंत्राने आकडा दाखवला तर तो खोटा नव्हे, पण तो लाइनीचाही नव्हे. दोन्हींत फरक करायचा एक मार्ग आहे. लाइनीच्या गॅसमध्ये मिथेनबरोबर बहुधा थोडा इथेन असतो, चिखलातल्या गॅसमध्ये तो नसतो. हवेचा नमुना घेऊन इथेन तपासला की चोर सापडतो.

उलट बाजूही पाहा. मिथेनवर लावलेल्या लेसरला दुसरा वायू दिसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडजवळ नांदिवडे येथील शाळेतल्या मुलांना वायुगळतीचा त्रास झाला. कोणाचे डोळे चुरचुरले, कोणाला श्वास घेता येईना, मुलांना रत्नागिरीच्या रुग्णालयात न्यावे लागले. त्या वेळी बातम्यांत नाव आले ते इथाइल मरकॅप्टनचे, म्हणजे वर सांगितलेल्या वासाच्या रसायनाचे. तिथे मिथेनचे यंत्र कोणी रोखून धरले असते तर त्याने मरकॅप्टनबद्दल चकार शब्द काढला नसता. यंत्र अचूक आहे, पण विचारलेल्या प्रश्नापुरतेच. म्हणून कारखान्याशेजारच्या गावाने "तुमच्याकडे यंत्र आहे का?" एवढेच विचारून भागत नाही. "ते कोणकोणते वायू ओळखते?" हेही ग्रामसभेत विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

आता माझ्या विषयाकडे येतो. लेसरवाला तुमच्या शेतात अधूनमधून येणार, तुम्ही रोज जाता. गळती पिकात कशी दिसते ते नीट समजून घ्या. मिथेन पिकाला विष नव्हे. पण तो मातीतली हवा बाहेर ढकलतो, आणि मातीत मिथेन खाणारे जिवाणू असतात ते उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. मुळे गुदमरतात. कुळीथ, पावटा, नाचणी, भाजीपाला, साधे गवत, सगळे एका गोलात किंवा लाइनीच्या दिशेने पट्ट्यात पिवळे पडते, मग वाळते. कधी कधी त्या गोलाच्या कडेला उलट जास्त हिरवेगार दिसते.

पिवळे पडण्याची कारणे पुष्कळ आहेत, म्हणून गफलत होऊ देऊ नका. नत्र कमी असेल तर खालची पाने आधी पिवळी होतात आणि बहुधा सारा वाफा तसा दिसतो. लोह कमी असेल तर कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या राहतात. वाळवी असेल तर रोप ओढताच हातात येते आणि मूळ कुरतडलेले दिसते. गॅसच्या जागी मात्र पीक, तण, गवत असा भेद राहत नाही, सगळ्यांचीच एकदम रया जाते. युरिया टाकूनही ती जागा सुधारत नाही.

भाताचे तेवढे निराळे आहे. भाताच्या खोडात हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून तो पाण्यात उभा राहतो आणि गॅसलाही लवकर बधत नाही. खाचरात म्हणून पानांकडे न बघता पाण्याकडे बघा. चिखलात पाय टाकल्यावर चार बुडबुडे येतात ते नेहमीचे. कोणी पाय न टाकता, एकाच जागी, सकाळ-संध्याकाळ सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा वाहत्या पऱ्यात तसे दिसले, तर शंका घ्या. सुंसुं असा आवाज, कोरड्या जागी आपोआप उडणारी धूळ, याही खुणाच.

शंका आली तर खणून बघू नका. काडी लावून बघण्याचा आचरटपणा तर मुळीच नको. विडी विझवा म्हणण्यापेक्षा विडी लावूच नका. जवळचा पंप चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद राहू द्या, कारण बटण दाबतानाच ठिणगी उडते. वारा अंगावर घेत, म्हणजे गळतीकडून येणारा वारा टाळून, दूर जा, गुरे सोडून न्या आणि लांब गेल्यावरच फोन करा. लाइनीच्या फलकावर कंपनीचा नंबर असतो, तो लागला नाही तर ११२. घरच्या सिलिंडरसाठी १९०६ हा नंबर वेगळा आहे. गोबरगॅसच्या नळीची गळती शोधायला लेसर लागत नाही. साबणाचा फेस लावा, फुगा आला की जागा सापडली.

जाता जाता कायद्याचे. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने जमीन आपलीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्यासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या शेकडा १० इतकी रक्कम आणि झालेल्या नुकसानीची भरपाई ठरलेली आहे. पट्ट्यात पूर्वीसारखे पीक घेता येते. घर, विहीर, तळे बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही. कलमे नि काजू लावायला मनाई केली म्हणून आपली मंडळी चिडतात. चिडणे समजू शकतो, गुंठा-गुंठा मोलाचा आहे. पण मोठे मूळ लाइनीचे वरचे आवरण बिघडवू शकते आणि दाट फांद्यांखालची जमीन लेसरला दिसत नाही. पट्ट्यात कुळीथ, नाचणी, वरी, भाजीपाला, चारा घ्या, कलमे पट्ट्याबाहेर लावा. जेसीबीने चर किंवा खड्डा काढायचा असेल तर काम पट्ट्याच्या जवळपास असले तरी आधी कंपनीला कळवा, त्यांचा माणूस जागेवर येऊन लाइन दाखवील.

पावसाळ्यात गवत वाढून फलक बुजतात. पुढच्या वेळी चारा कापायला जाल तेव्हा फलकाभोवतीचे गवतही कापा, आणि त्यावरचा नंबर घरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा.