नवरा आहे ना!

बाईच्या नोकरीवर विशेष विभाग काढायचा तर थेट आफ्रिकेत कशाला जायचं, असा प्रश्न यंदा आमच्या बैठकीतच निघाला. उत्तर सरळ आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला घराबाहेर राबणाऱ्या बायकांचं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. शेतात, बाजारात, शाळेत, इस्पितळात त्या आहेतच. बाईने नोकरी करावी की नाही, हा आपला लाडका वाद तिथे फारसा चालत नाही. तरीही वरच्या खुर्चीत पुरुषच का, हे तिथे अधिक स्वच्छ दिसतं.

केनियाच्या वंगारी मथाईंचं उदाहरण घ्या. नोबेल मिळालेल्या, झाडं लावणाऱ्या बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची नोकरी मात्र आपल्याला ठाऊक नसते. 1966 साली अमेरिकेत शिकून, हातात नेमणुकीचं पत्र घेऊन त्या नैरोबीच्या विद्यापीठात रुजू व्हायला गेल्या, तर जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. मग पशुवैद्यकातल्या शरीररचनाशास्त्र विभागाने त्यांना घेतलं. 1971 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पूर्व आफ्रिकेत ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे विभागप्रमुखही झाल्या. पण घर, निवृत्तिवेतन अशा सवलती पुरुष प्राध्यापकांसारख्या मिळेनात. लग्न झालेल्या प्राध्यापिकेला विद्यापीठाने घर कशाला द्यायचं? नवरा आहे ना! सहकारी व्हर्टिस्टीन म्बाया यांना सोबत घेऊन मथाई यावर भांडल्या.

1979 साली घटस्फोट झाला आणि गृहीत धरलेला नवराही राहिला नाही. 1982 साली निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी राजीनामा दिला. मतदार नोंदणीचं तांत्रिक कारण दाखवून त्यांना अपात्र ठरवलं गेलं. त्या लगोलग परत गेल्या, तेव्हा जागा भरली गेली होती. एरवी महिनोन्‌महिने रिकाम्या जागा न भरणारी विद्यापीठं आपण पाहिली आहेत. इथे काही तासांत काम झालं. राहतं घरही सोडावं लागलं. आज त्याच विद्यापीठात त्यांच्या नावाची संस्था आहे.

हे जुनं झालं म्हणावं, तर केनियाच्या 2010च्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की निवडून आलेल्या वा नेमलेल्या कुठल्याही मंडळात एकाच लिंगाचे दोन तृतीयांशाहून अधिक सभासद नसावेत. संसदेने त्यासाठीचा कायदा केलाच नाही. शेवटी सप्टेंबर 2020 मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी संसद बरखास्त करण्याचा सल्ला राष्ट्राध्यक्षांना दिला. संसद बरखास्त झाली नाही. पुढच्याच वर्षी मार्था कोमे देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश झाल्या, त्याचं कौतुकही झालं. एका बाईला शिखरावर बसवणं सोपं असतं. तिच्या मागून येणाऱ्या शंभरजणींसाठी कलम बदलणं जिवावर येतं.

नायजेरियात 1968च्या पोलीस नियमावलीनुसार अविवाहित महिला पोलीस गरोदर राहिली तर तिला बडतर्फ करता येत होतं. 2021 साली एकिती राज्यात एका महिला पोलिसाची नोकरी याच कलमाखाली गेली. बाप होणाऱ्या अविवाहित पोलिसासाठी असं कलम नव्हतं. यावर आपण नाक मुरडायचं कारण नाही. एअर इंडियाचं मुख्यालय मुंबईत होतं, तेव्हा हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणात संपत असे. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला 1981 साली, नर्गेश मिर्झा खटल्यात.

तेव्हा फराळ आणि हा विभाग संपला की एक काम करा. आपल्या कचेरीची सेवानियमांची पुस्तिका मिळवा. घरभाडं, बदली, रजा, बढती यांतल्या कुठल्या कलमात बाईमागे नवरा आणि पुरुषामागे बायको गृहीत धरली आहे, ते शोधा आणि आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात छापू.