विश्लेषण : गवत कापायच्या गाडीने बोट ओढावी का?

ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत अनेक जण घराच्या आवारात ट्रेलरवर बोट ठेवतात. अरुंद जागेत मोटार वळत नाही. मग जुन्या ‘राइड-ऑन मोवर’ची, म्हणजे बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राची, पाती काढून त्याला ट्रेलरचा हूक जोडला जातो.

हे कसे चालते?
काही जण हूक पुढे बसवतात. ट्रेलर डोळ्यांसमोर राहतो, इंचाइंचाने सरकवता येतो. मात्र पुढच्या भाराने मागची चाके हलकी होऊन घसरतात; म्हणून त्यांवर वजने लावतात. वेग कमी करून जोर वाढवण्यासाठी पुलीही बदलतात.

धोका कुठे?
यंत्र साधारण 200 किलोचे आणि ब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच. दहा फुटांना एक फूट उतार असला, तरी एक टनाचा ट्रेलर सुमारे 100 किलोच्या जोराने खाली रेटतो. ओल्या गवतावर ब्रेक दाबूनही यंत्र घसरते, उलटूही शकते. चालक उठताच इंजिन बंद करणारा आसनाखालचा स्विच काही जण काढून टाकतात. हा तर शुद्ध अविचार.

मग करावे काय?
जुने यंत्र भंगारात घालण्यापेक्षा कामाला लावणे शहाणपणाचेच. पण सपाट, कोरड्या जागेपुरते. माहितीपुस्तिकेतील ओढण्याची मर्यादा पाळावी. उतारावर विंच किंवा मोठे वाहनच वापरावे. बोट ओढता येते की नाही, यापेक्षा ती थांबवता येईल का, हे आधी पाहावे.