तोंडातली चांदी

दाढेत ‘चांदी भरली’ असे आपण सहज म्हणतो. मराठीच्या मास्तराला हा शब्दप्रयोग जरा फसवाच वाटतो. कारण त्या चांदीत सुमारे निम्मा पारा असतो! चांदी, कथील व तांबे यांच्या भुकटीत पारा घोटून केलेला मऊ गोळा दाढेत ठासला, की लवकरच घट्ट होतो आणि पुढे वर्षानुवर्षे चकल्या फोडतो. मात्र तो दाताला चिकटत नाही. त्याला धरून ठेवणारी खाच कोरताना थोडा चांगला दातही जातो. राळ व काचेची पूड यांचे दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट दाताला चिकटते, पण भरताना लाळेचा ओलावा त्याला खपत नाही.

पर्यावरणातला पारा कमी व्हावा म्हणून युरोपीय संघाने २०२५ पासून, वैद्यकीय निकड वगळता, ही चांदी बंद केली. ते वाचून आमच्या सौभाग्यवती जुनी दाढ उकरून घ्यायला निघाल्या! दंतवैद्यांनीच त्यांना थांबवले : भरण शाबूत असताना उकरले, तर पाऱ्याची वाफ उलट अधिक सुटते. तेव्हा वाचकहो, चांदी फुटली किंवा कडेने कीड लागली, तरच ती बदला.