साथीचे दिवस आणि पंचांचा न्याय

साथ आली कीं मनुष्य प्रथम दाराला कडी घालतो आणि मग दोषी कोण हें शोधूं लागतो. रोग कोणीं आणिला, हा प्रश्न घरांत निघतो, आळींत निघतो आणि सरकारदरबारींहि निघतो. अशा वेळीं आरोपीचें म्हणणें ऐकून घेण्यास कोणास सवड नसते. म्हणून आज आम्ही वाचकांस एका जुन्या खटल्याची आठवण करून देतों.

सन १८९७ सालीं मुंबई-पुण्यास प्लेगनें कहर केला. फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. या कायद्याखालीं सद्‌हेतूनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावरहि दावा चालणार नाहीं, असें त्याचें चौथें कलम होतें. पुण्यांत गोरे शिपाई घरें तपासूं लागले. देवघरें व माजघरेंहि सुटलीं नाहींत. २२ जूनच्या रात्रीं प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि पुढच्याच महिन्यांत ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. रँडच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर नव्हता. परंतु हवेंत तोच भरून राहिला होता.

८ सप्टेंबरपासून मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति स्ट्रेची व नऊ ज्यूरर यांच्यापुढें खटला चालला. ज्यूररांपैकीं सहा युरोपियन, तीन हिंदी. लेख मराठींत, आणि पुढें ठेविलेलें भाषांतर इंग्रजींत! १४ तारखेस सहांनीं ‘दोषी’ म्हटलें, तिघांनीं ‘निर्दोषी’. अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. कायद्याप्रमाणें नवांपैकीं निदान सहांचें एकमत आणि न्यायाधीशाची संमति लागत असे. म्हणजे त्या सहांतील एकाचें जरी मन वळलें असतें, तरी त्या दिवशीं शिक्षा होऊं शकली नसती.

मग ज्यूरीनें साधलें काय, असें कोणी विचारील. शिवाय एकट्या न्यायाधीशासहि धैर्य असूं शकतें. याच खटल्यांत न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं टिळकांस जामीन दिला होता. हें सर्व खरें. तथापि ज्यूरी होती म्हणूनच तिघांचा नकार कायमचा नोंदला गेला. दोष पंचांकरवीं न्याय करण्याच्या रीतीचा नव्हता. पंच कोठून निवडले, याचा होता. ज्यांच्या घरांत शिपाई शिरले त्यांच्यापैकीं पुरेसे लोक त्या बांकावर नव्हते.

पुढें आपल्या देशांतून ज्यूरीच गेली. नानावटी खटल्यांत १९५९ सालीं ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें दिलेला ‘निर्दोषी’ हा निकाल हायकोर्टानें फिरविला, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेंत ज्यूरीस जागा उरली नाहीं. जेथें ती राहिली तेथें काय झालें पाहा. २०२० सालीं करोनाच्या साथींत स्कॉटलंडच्या सरकारनें ज्यूरीवांचून खटले चालविण्याचा विचार पुढें आणिला. वकीलवर्गानें कडकडून विरोध केला, तेव्हां तो मागें घ्यावा लागला. आणि शेवटीं ज्यूररांस सिनेमागृहांत अंतरा-अंतरानें बसवून खटले चालले. इच्छा असली म्हणजे जागा सांपडते ती अशी.

आपल्याकडे त्याच वर्षीं १९ जून रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, पोलिसांनीं मुदतींत आरोपपत्र दाखल न केल्यास मिळणारा जामिनाचा हक्क टाळेबंदीमुळें स्थगित होत नाहीं. ज्यूरी नाहीं, तरी तिचा आत्मा असा एखाद्या निकालांत भेटतो.

आमच्या बीड जिल्ह्यास यांतून कांहीं शिकण्यासारखें आहे. एप्रिल २०२० मध्यें ऊसतोडणीहून आपले मजूर परत येऊं लागले, तेव्हां कित्येक ठिकाणीं त्यांस गांवाबाहेर रानांत दिवस काढावे लागले. वेगळें ठेवणें हें आरोग्याचें काम, तें करणें भागच होतें. परंतु ‘यांनींच रोग आणिला’ असा निवाडा वेशीवर उभे राहून कोणीं व कोणत्या पुराव्यावर केला? त्या वेळीं आपणच ज्यूरर होतों, आणि आरोपीस एक शब्दहि बोलूं दिला नाहीं.

घरांतहि हेंच होतें. पुण्याहून आलेल्या पुतण्यास ओसरीवर बसविण्यास हरकत नाहीं. त्यास अपराधी ठरविण्यास मात्र आहे. साथ पुन्हा येईल तेव्हां वडीलधाऱ्यांनीं एवढा नेम पाळावा: आधीं ऐकावें, मग चौघांत बसून ठरवावें. हें वळण घरांतल्या मुलांस लागलें, तर उद्यां तींच न्यायासनावर बसोत कीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभीं राहोत, त्यांस त्याचा उपयोग झाल्यावांचून राहणार नाहीं.