विश्लेषण : छातीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया... चीर लहान, मग टाक्यांची एवढी काळजी कशाला?

‘एकाच छिद्रातून फुप्फुसाची गाठ काढली’, ‘टाक्यांविना शस्त्रक्रिया’, ‘चार दिवसांत रुग्ण घरी’... अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यातला बराच भाग खराही असतो. मात्र कॅमेरा रोखलेला असतो तो आतल्या गाठीवर. ती काढल्यानंतर जखम कशी मिटवली, हे त्या चित्रफितीत क्वचितच दिसते. रुग्ण लवकर घरी जाऊ लागल्याने त्या जखमेवर लक्ष ठेवण्याचे काम मात्र आता कुटुंबाकडे येते.

दुर्बिणीतून छातीची शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

छाती उघडून करण्याच्या पारंपरिक शस्त्रक्रियेत लांब चीर घेतली जाते आणि लोखंडी उपकरणाने बरगड्या फाकवल्या जातात. दुर्बिणीच्या पद्धतीत बरगड्यांच्या मधून कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारे आत जातात. बरगड्या फाकवल्या जात नाहीत, हा या पद्धतीचा खरा गाभा आहे. चीर किती सेंटिमीटरची, हा मुद्दा त्यानंतरचा.

छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनचे डॉक्टर हान्स ख्रिश्चन याकोबेयस यांनी १९१० मध्ये हा प्रयोग मांडला. पुढे क्षयरुग्णांच्या छातीतील चिकटलेले पडदे सोडवण्यासाठी तो वापरला गेला. व्हिडिओ कॅमेरा आल्यावर १९९० च्या दशकात या तंत्राने वेग घेतला. स्पेनमधील डॉ. दिएगो गोन्झालेझ-रिव्हास यांनी २०१० मध्ये फुप्फुसाचा संपूर्ण कप्पा एकाच छेदातून काढून दाखवला.

फायद्याचे पुरावेही भक्कम आहेत. ब्रिटनमधील नऊ रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ५०३ रुग्णांवर झालेल्या ‘व्हायोलेट’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्बिणीच्या गटातील रुग्ण पाच आठवड्यांनी अधिक हिंडते-फिरते होते. त्यांच्या वेदना आणि गुंतागुंतही कमी होत्या.

छातीची जखम इतर जखमांपेक्षा वेगळी का?

छातीच्या पिंजऱ्यात, फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत, दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. याच ओढीमुळे फुप्फुस फुगलेले राहते. श्वास घेताना हा दाब आणखी उतरतो. म्हणजे छातीच्या भिंतीला आरपार फट राहिली तर प्रत्येक श्वासागणिक बाहेरची हवा आत खेचली जाऊ शकते. हवा आत साचली की फुप्फुस आक्रसते.

म्हणून पोटावरच्या छोट्या छिद्रासाठी जे पुरते, ते छातीसाठी पुरेलच असे नाही. इथे जखम नुसती मिटून चालत नाही, ती हवाबंद व्हावी लागते. शिवाय ही भिंत स्वस्थ नसते. श्वास, खोकला, कूस बदलणे या प्रत्येक हालचालीचा ताण टाक्यांवर येतो.

जखम मिटवतात कशी?

काम सुरू होते ते कातडीला हात लावण्यापूर्वी. काढलेला कर्करोगाचा किंवा जंतुसंसर्गाचा भाग प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर घेतला जातो, म्हणजे तो छेदाच्या कडांना घासत नाही. मग हत्यारे काढताना प्रत्येक छिद्र आतून कॅमेऱ्याने तपासतात, कारण बरगडीलगतच्या रक्तवाहिनीतून होणारा स्राव बाहेरून दिसेलच असे नाही. मिटलेले फुप्फुस पुन्हा फुगताना कॅमेऱ्यातून पाहिले जाते. वेदना कमी व्हाव्यात म्हणून बरगड्यांमधील नसांभोवती बधिर करण्याचे औषधही देतात.

त्यानंतर थराथराने टाके पडतात. आधी स्नायूंचा थर, मग त्वचेखालची चरबी आणि शेवटी त्वचा. हवा अडवण्याचे मुख्य काम स्नायूंचा थर करतो. आतले धागे विरघळणारे असतात. ते शरीरात साधारण दोन महिन्यांत जिरतात. त्वचेसाठी आतून धावता टाका, बाहेरून टाके, स्टेपल किंवा वैद्यकीय गोंद यांपैकी एक पर्याय निवडला जातो.

एक खबरदारी बरगडीची. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेलगत नस आणि रक्तवाहिन्या जातात. हत्यारांचा दाब किंवा टाक्याचा फास त्या नसेवर आला, तर जखम भरल्यानंतरही छातीच्या पुढच्या भागात मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ राहू शकते. चीर लहान आहे म्हणून हा त्रास होणारच नाही, असे नाही.

सर्वात नाजूक जागा कोणती?

छातीत ठेवलेल्या नळीची. शस्त्रक्रियेनंतर आत उरलेली हवा आणि द्रव बाहेर पडावा म्हणून ही नळी बाटलीला जोडलेली असते. बहुतेक वेळा ती आधीच केलेल्या एखाद्या छिद्रातूनच बाहेर काढतात. एकाच छेदाच्या पद्धतीत तर दुसरी जागाच नसते. त्यामुळे जखमेचा एक भाग मिटवायचा आणि उरलेला नळीभोवती बसवायचा, अशी कसरत करावी लागते.

नळी काढण्याचा क्षण सर्वात जोखमीचा. त्यासाठी बऱ्याचदा एक सैल टाका आधीच घालून ठेवतात. रुग्णाला श्वास रोखायला सांगतात, एक जण नळी ओढतो आणि दुसरा त्याच क्षणी गाठ मारतो. हा टाका बटव्याच्या नाडीसारखा गोल घालू नये, असे ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गोल टाक्याने सरळ जखम चुण्या पडून गोल होते, ती दुखते आणि व्रणही बेढब राहतो.

नळी लवकर काढण्याकडे आता कल आहे. युरोपातील छातीच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेसह तयार झालेल्या २०१९ च्या सूचनांनुसार, हवेची गळती नसेल आणि द्रव स्वच्छ असेल, तर २४ तासांत ४५० मिलिलिटरपर्यंत स्राव होत असतानाही नळी सुरक्षितपणे काढता येते. रुग्णाला याचा दिलासा मोठा. पण आत द्रव असताना नळी निघते, म्हणजे ते छिद्र नीट बंद होण्याचे महत्त्व आणखी वाढते.

‘टाक्यांविना’ या दाव्यात किती तथ्य?

बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘बाहेरून न दिसणारे टाके’ एवढाच असतो. वरून गोंद लावला तरी आत धागा असतोच. त्वचेसाठीच्या अशा गोंदाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. तो झटपट लागतो आणि पाच ते दहा दिवसांत आपोआप सुटतो. मात्र उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’च्या २०१४ च्या अहवालात, जखम उसवण्याचे प्रमाण गोंदापेक्षा टाक्यांमध्ये कमी आढळले. ताण कमी असलेल्या, कोरड्या जखमेला गोंद चांगला. जिथून द्रव झिरपण्याची शक्यता आहे अशा नळीच्या छिद्रावर तो एकटा भरवशाचा नाही.

दुसरा पर्याय काटेरी धाग्याचा. या धाग्याला बारीक दाते असतात, त्यामुळे गाठ न मारताही तो धरून राहतो. नळीच्या जागी तो वापरला तर टाका काढायला पुन्हा रुग्णालयात जावे लागत नाही.

जंतुरोधक धाग्यांचा वाद काय?

ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप दिलेले धागे वापरावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२१ मध्ये अशा धाग्यांना पाठिंबा दिला. त्याच वर्षी ‘फाल्कन’ चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह सात देशांतील ५४ रुग्णालयांत, पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ५,७८८ रुग्णांमध्ये या धाग्यांचा जास्तीचा फायदा दिसला नाही. ही चाचणी छातीच्या शस्त्रक्रियेची नव्हती, तरी धडा स्पष्ट आहे. महाग धागा हा स्वच्छतेला पर्याय नाही.

भारतात वेगळी दक्षता कशासाठी?

जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्यामुळे इथे छातीतील दुर्बिणीचा वापर कर्करोगापुरता मर्यादित नाही. क्षयामुळे किंवा न्यूमोनियानंतर फुप्फुसाभोवती साचलेला पू काढण्यासाठीही ती वापरली जाते. जिथून पू बाहेर आला, त्याच छिद्राला टाके घालायचे असल्याने जखम चिघळण्याचा धोका मुळातच जास्त असतो.

दुसरा प्रश्न हत्यारांचा. पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर छिद्राच्या जागी क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतील, पण वेगळ्या जंतूंचा संसर्ग झाल्याच्या नोंदी भारतात अनेक आहेत. वरून बरी झालेली जखम काही आठवड्यांनी गाठ धरते आणि पाझरू लागते. नेहमीच्या प्रतिजैविकांना ती दाद देत नाही. नीट निर्जंतुक न केलेली हत्यारे किंवा ती साध्या पाण्याने धुणे, ही त्यामागची ओळखीची कारणे आहेत. टाका कितीही सुबक असला तरी दूषित हत्याराची भरपाई करू शकत नाही.

घरी गेल्यावर लक्ष कशावर हवे?

घरी जाताना रुग्णाने चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : कोणते टाके विरघळणारे आहेत, नळीच्या जागचा टाका कधी काढायचा, अंघोळ कधीपासून करायची आणि रात्री त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा. नळीचा टाका विरघळणारा नसेल तर तो साधारण आठवडा ते दोन आठवड्यांनी काढावा लागतो. गावी परतलेल्या रुग्णांकडून नेमका तोच विसरला जाऊ शकतो. गोंद लावला असेल तर त्यावर मलम किंवा तेल लावू नये, कारण त्याने गोंद सैल होतो.

थोडे दुखणे, कडा किंचित लाल असणे किंवा एक-दोन दिवस पाण्यासारखा द्रव झिरपणे हे अनेकदा दिसते. पण पू, वाढती लाली, ताप, जखमेतून हवेचा आवाज, कातडीखाली दाबल्यावर कुरकुरणारी सूज किंवा अचानक लागलेली धाप यांपैकी काहीही दिसले, तर पट्टी बदलून वाट पाहू नये. धाप आणि हवेची लक्षणे असतील तर थेट रुग्णालय गाठावे.

चित्रफितीतला ‘फक्त तीन सेंटिमीटर’चा आकडा खरा असू शकतो. पण तो कातडीवरचा आकडा आहे. त्या तीन सेंटिमीटरखाली श्वास चालतो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी ‘चीर केवढी?’ या प्रश्नाबरोबर ‘नळी किती दिवस, आणि ती काढल्यावर जखम कशी बंद करणार?’ हा प्रश्नही डॉक्टरांना विचारायला हवा.